एकाचा गट

एकाहत्तर डबे आहेत माझ्या हाताखाली,
चार शाळा, तीन वसतिगृहं, एक जेवणघर.
छताला चिकटलेले, पांढरे, बशीएवढे.
त्सेत्सेर्लेगच्या हिवाळ्यात त्यांना काम एवढंच:
गुरांमागे दूर गेलेल्या आईबापांपर्यंत
पोरांचा आवाज पोचवायचा
आणि रात्री दहाला गप्प व्हायचं.

माझ्याआधी त्सेंदसुरेन होता.
शिडी खांद्यावर घेऊन फिरायचा,
एकेकाला वेगळं समजवायचा:
तुझं चॅनल सहा, तुझा जोर जरा कमी,
तू पलीकडच्या भिंतीच्या बोलण्यात पडू नकोस.
त्याच्या वहीत डब्यागणिक एक पान,
काही पानं चहा सांडून फुगलेली.

मी साचा केला.
नाव एकदा लिहायचं, पासवर्ड एकदा,
झोपायची वेळ एकदा.
मग एक बटण, आणि सगळे घोडे बारा टक्के.

घोड्यांवरून आठवलं.
आमच्याकडे पुठ्ठ्यावर डाग देतात,
एका घराचा एकच डाग.
त्यावरून मालक कळतो, चाल कळत नाही.
हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे.
तरी.

ऑक्टोबरात पासवर्डात एक अक्षर चुकलं
आणि चारही शाळा एका दमात मुक्या झाल्या.
हाताने केलं असतं तर
पहिल्याच डब्यापाशी कळलं असतं.
मुख्याध्यापिका नारमंदाख फोनवर रागावल्या नाहीत,
नुसता श्वास ऐकवला.

मग डिसेंबर, उणे चौतीस.
संध्याकाळी पाचला सुधारलेला साचा लावला.
सत्तर दिवे हिरवे झाले,
एक पिवळा राहिला.
पडद्यावर: साच्यापासून फरक, एक.
तिसरं वसतिगृह, तळमजला, बॉयलरच्या भिंतीला लागून.
रात्री बंद होण्याची वेळ: नाही.
शेऱ्याच्या रकान्यात त्सेंदसुरेनचे दोन शब्द,
पुरेवदोर्जला विचार.

शेजारीच बटण होतं, फरक पुसा.
बोट ठेवलंही होतं.
खोटं कशाला सांगू,
कर्तव्य वगैरे काही आठवलं नाही,
माझ्या खोलीतला हीटर बिघडला होता
आणि बॉयलरघरात ऊब असते,
म्हणून गेले.

पुरेवदोर्ज कोळसा ओढत होता.
"पंपाचा अलार्म त्यावरून येतो ना माझ्या फोनवर.
रात्री पंप थांबला आणि मला कळलं नाही
तर पाईप फुटायला कितीसा वेळ, गेरेल?
वर दीडशे पोरं झोपलेली."
फावडं भिंतीला टेकवलं.
"आणि आता विचारलंच आहेस तर..."
मान दाराकडे हलवली,
पुढे बोलला नाही.

दाराबाहेर, बोळाच्या टोकाला,
फरशी एका जागी गुळगुळीत झालेली.
भिंतीचा रंग उडालेला, पाठी टेकून टेकून,
बसलेल्या पोराच्या खांद्याएवढ्या उंचीवर.
कोपऱ्यात लोकरीचा एक मोजा.
एकच.

परत येऊन दुसरा साचा केला.
गटात सभासद एक.
उलानबातारचे इंजिनिअर हसतील,
एकाला कसला आलाय साचा!
हसू देत.
पिवळा दिवा दिसला की बोट शिवशिवतं,
माझं शिवशिवलं,
माझ्यानंतर येईल त्याचंही शिवशिवेल,
आणि त्याच्या खोलीतला हीटर चालू असेल.

शेऱ्यात पूर्ण वाक्यं लिहिली.
पंप, पाईप, उणे चौतीस, पुरेवदोर्जचा नंबर.
मोज्याचं लिहिलं नाही.
तो रेडिएटरवर ठेवून आले होते.
सकाळी नव्हता.